तीन चिंचा, एक बुंधा आणि अडतीस गाड्यांची जागा

मृत्युपत्र

लिहून ठेवणार: शिवप्रिया बंडप्पा बिराजदार, वय ३१, अविवाहित, व्यवसाय जमीन व रस्त्यांची मोजणी, राहणार नळदुर्ग, ता. तुळजापूर, जि. धाराशिव.

हे मृत्युपत्र मी स्वतः टाइप केले आहे, पूर्ण शुद्धीत आणि माझ्याच मर्जीने. कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायचा तर आधी ठाऊक असावे लागते, आणि आज सकाळपर्यंत हे फक्त माझी वकील मैत्रीण राजेश्वरी हिला ठाऊक आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्या भावाच्या मते ती ठिकाणावर नाही, पण तो डॉक्टर नाही.

येत्या १९ तारखेला सोलापुरात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. शंभरांतले सत्त्याण्णव रुग्ण चालत घरी जातात, असे शल्यविशारदांनी सांगितले. आमच्या कामात तीन टक्के चूक कोणी स्वीकारत नाही; रस्ता पुन्हा मोजावा लागतो. मला पुन्हा मोजता येणार नाही, म्हणून त्या तीन टक्क्यांची सोय आधीच करून ठेवते.

मी काही न लिहिता गेले, तर माझे जे आहे ते आईकडे जाईल. आमच्या घरात आईकडे गेलेली वस्तू संध्याकाळपर्यंत विरेशकडे जाते. विरेश हा माझा थोरला भाऊ. मी त्याला अण्णा म्हणते. त्यानंतर आठवड्याच्या आत तीन चिंचा आडव्या होतील. त्या होऊ नयेत, एवढ्यासाठी हे मृत्युपत्र आहे. बाकीची कलमे ओघाने आली.

कलम १. चिंचा माझ्या कशा झाल्या

वडील बंडप्पा, आमचे अप्पा, यांची सोलापूर–हैदराबाद महामार्गाला लागून ३२ गुंठे जमीन होती. तिच्यात एका ओळीत चार चिंचा. त्यांची वये कोणाला सांगता येत नाहीत; आजोबांना त्या मोठ्याच भेटल्या. ट्रकवाले दुपारी त्यांच्याखाली थांबत. अप्पांनी तिथे पाण्याचा रांजण ठेवला, आणि त्या सावलीवर दुसरा कोणताही धंदा केला नाही. अण्णाच्या मते ही अप्पांची आयुष्यातली सर्वांत मोठी चूक.

अप्पा २०१९ मध्ये गेले. पुढच्या वर्षी अण्णाने मला आणि आईला तुळजापूरला नेले, हक्कसोडीसाठी. बहिणीने वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडून द्यायचा आणि बदल्यात तिला दिवाळीला माहेरी यायला मिळायचे, अशी ही रीत आहे. कागद चार पानांचा होता. मी वाचायला घेतला.

"वाचायचं काय त्यात?" अण्णा म्हणाला. "सगळ्या बहिणी करतात. इथं कर सही, अन् इथं."

"अव्वा, तू वाचलंस?" मी आईला विचारले.

"मला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली. "सही केली की माहेर ऱ्हातंय बघ. तुझ्या आत्यानं बी केलीती."

मी चारही पाने वाचली. मग सांगितले, की जमिनीवरचा हक्क सोडते, फक्त चारी चिंचा माझ्या नावे राहतील असे कलम घाला. दस्त लिहिणाऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघितले.

"ताई, झाड मागताय तर खालची जागा बी मागा की."

"जागा नको. झाडं, त्यांच्या फांद्यांच्या आणि मुळांच्या विस्तारासह. एवढंच लिहा."

"लिहा हो, लिहा," अण्णा हसला. "जन्मभर आमटीला पुरंल तिच्या."

बाहेर येऊन त्याने आम्हाला उसाचा रस पाजला. चिंचेची मुळे फांद्यांच्याही पुढे पसरतात. त्या चौघींच्या मुळांचा विस्तार मिळून सुमारे चौदा गुंठे भरतो. हे मी आदल्या दिवशी मोजलेले होते. मागितले तेवढेच मला मिळाले. अण्णाने सही केली, ती न वाचता.

कलम २. पार्किंग

पार्किंगला माझा विरोध नाही. हे स्वतंत्र कलमात लिहिते, कारण गावात उलटे सांगितले जाते. महामार्गाच्या कडेला उभ्या ट्रकमध्ये मागून मोटरसायकल घुसून आमच्या गल्लीतले दोघे गेले आहेत. पावसाळ्यात किल्ला बघायला येणारे लोक कार रस्त्यातच सोडून जातात. गाड्यांना जागा हवीच होती, आणि अण्णाने ती द्यायचे ठरवले हे बरेच झाले. आराखडा मी काढून दिला. एक नकाशा झाडे काढून: ट्रक आणि कार मिळून ४४ गाड्या. दुसरा झाडे ठेवून: ३८. म्हणजे चार चिंचा बरोबर सहा गाड्या.

अण्णाने दुसरा नकाशा उलटसुलट करून बघितला.

"हे गोल काय?"

"झाडं."

"मग गोल काढून टाक."

"नकाशातनं निघतात, अण्णा. जमिनीतनं माझी सही लागते."

फेब्रुवारी २०२४ मध्ये मी चार दिवस भूम तालुक्यात, ईट गावाकडच्या रस्त्याच्या मोजणीवर होते. परत आले तेव्हा चार नंबरची चिंच नव्हती. तिच्या जागी जेसीबीच्या चाकांचे ठसे होते आणि बुंधा तेवढा कडेला लोटलेला होता.

"वाळलं होतं ते," अण्णा म्हणाला.

"चिंचा लागल्या होत्या त्याला."

"एका बाजूनं वाळलं होतं."

"कोणत्या?"

अण्णाने जरा विचार केला. "आतल्या."

तोडण्याच्या परवानगीचा त्याचा अर्ज झाड पडल्यानंतर सहा दिवसांनी लिहिलेला आहे आणि त्यात मालक म्हणून त्याचे नाव आहे. राजेश्वरीने त्याला नोटीस दिली, शेजारी बसून दस्तातले माझे कलम वाचूनही दाखवले. तेव्हापासून बाकीच्या तिघींना तो हात लावत नाही. वाट बघतो. अलीकडे माझ्या प्रकृतीची चौकशी फार आपुलकीने करतो. ऑपरेशनची तारीख त्याला माझ्याआधी पाठ झाली.

पडलेल्या चिंचेच्या जागी त्याने सिमेंटचे झाड उभे केले आहे. बुंध्याला तपकिरी रंग, वर चार हिरव्या पत्र्याच्या फांद्या. त्याच्या ढोलीत तिकीटवाला बसतो. प्रवेशद्वारावर पाटी आहे: चिंचबन पार्किंग. भिंतीवर झाडे जगवण्याचा संदेशही रंगवून घेतला आहे, त्यासाठी भिंतीलगतचा बाभळीचा फाटा तोडावा लागला. सावलीतल्या जागेचा दर निराळा. सावली माझी, दर त्याचा.

झाड पाडून दोन जागा वाढल्या. आता चाळीस गाड्या मावतात. गेल्या एप्रिलमध्ये मी दहा दिवस, दुपारी एक ते चार, तिथे बसून मोजले. उन्हातल्या जागांपैकी सरासरी तेवीस रिकाम्या. चिंचांखाली गाड्या एकमेकींना आरसे लावून उभ्या, आणि आणखी चार गाड्या रांगेत थांबलेल्या. त्यातल्या एका ट्रकचे चालक बलभीम यांना अण्णाने माझ्यादेखत विचारले, की एवढी जागा रिकामी असून खोळंबा कशाला करता.

"तिथं लावू?" बलभीम म्हणाले. "तवा हाय त्यो. टायर भाजून खाणार हाव का तुमी?"

कलम ३. चिंच क्र. १

प्रवेशद्वाराजवळची, घेर ४.१० मीटर. ही मी कमलबाई हिला देते. दरवर्षी चिंचा झोडपून, वेचून, खाली बसून फोडून नेणाऱ्या बायकांची ती मुकादम. गेल्या हंगामात ती पोती घेऊन बसली होती, तेव्हा तिकीटवाला आला.

"मावशी, उठा. ही गाडीची जागा हाय."

"मग फाड पावती," कमलबाई म्हणाली. "पोत्याची फाड. पोतं बी थांबलंयच की इथं."

"गाडी नंबर काय घालू?"

"कमलबाई घाल. एकच हाय, सापडंल."

त्याने पावती फाडली. त्या पावतीवर तिने सात दिवस चिंचा फोडल्या, आणि उठवायला आला की ती पुढे करायची. "यात कुठं लिवलंय किती येळ?" पावतीवर वेळ खरेच नव्हती, अण्णाने छापून घेताना मसुदा वाचला नसावा. ती पावती अजून तिच्या चंचीत आहे. जिला कागदाचा असा उपयोग कळतो, तिच्या हाती झाड सुरक्षित आहे.

कलम ४. चिंच क्र. २

बांधावरची, घेर ३.६५ मीटर. ही मी शेजारच्या ढाब्याचे मालक शंभुलिंग यांना देते. त्यांचे माझ्यावर प्रेम आहे म्हणून नव्हे. त्यांचा आणि अण्णाचा अबोला सांडपाण्याच्या पाटावरून अकरा वर्षांपूर्वी सुरू झाला आणि दोघांनीही तो निगुतीने सांभाळला आहे. सिमेंटचे झाड उभे राहिले त्या दिवशी ते बांधापर्यंत आले आणि वेटरला म्हणाले, "सांग त्याला, सिमेंटच्या झाडाला पाणी घालत जा म्हणावं." वेटर बांध ओलांडून गेला आणि निरोप देऊन आला. अण्णा सहा पावलांवर उभा होता.

दुपारी तीननंतर या चिंचेची सावली शंभुलिंग यांच्या बाजांवर जाते. म्हणजे झाड राखण्यात त्यांचा फायदा आहे आणि विरेशला नाही म्हणण्यात आनंद. फायदा आटला तरी आनंद टिकेल, असा माझा अंदाज आहे.

कलम ५. चिंच क्र. ३

मधली, सर्वांत मोठी, घेर ४.८० मीटर. ही मी माझी वहिनी जगदेवी विरेश बिराजदार हिला देते. कोणाला आश्चर्य वाटेल, म्हणून कारण लिहिते. मी जागा मोजत होते तेव्हा टेपचे दुसरे टोक धरायला कोणी येईना. अण्णाची माणसे उन्हात उभी राहत नाहीत. जगदेवी भाकऱ्या टाकून आली. टोक हातात घेतल्यावर पहिला प्रश्न तिने विचारला, "वन्सं, शून्य माझ्याकडं हाय का तुमच्याकडं?" हा प्रश्न मला नोकरीत पाच वर्षे काढलेल्या माणसांनीही विचारलेला नाही. दिवसभरात टेप तिने एकदाही सैल सोडला नाही. अण्णाने ओट्यावरून हाक मारली, "सोड गं ते, जेवाया वाढ," तेव्हा ती म्हणाली, "आकडा घेऊ द्या. टोक सुटलं तर पुन्ना मोजावं लागंल." तो थांबला. त्याला थांबवण्याची ही एकच यशस्वी घटना माझ्या पाहण्यात आहे.

माझा पन्नास मीटरचा टेप आणि दुर्बीण-तिवईही तिलाच द्यावी. शून्य तिच्याकडे आहे.

कलम ६. तिघांसाठी अट

यांपैकी कोणतेही झाड तोडायचे, विकायचे किंवा त्याच्या मुळांवर सिमेंट ओतायला संमती द्यायची झाली, तर कमलबाई, शंभुलिंग आणि जगदेवी या तिघांच्या एकत्र सह्या लागतील. शंभुलिंग कमलबाईला ढाब्यावर चहा देत नाहीत, कारण ती कपात चिंच पिळून त्यांच्या दुधाची परीक्षा घेते. जगदेवी दोघांनाही ओळख दाखवत नाही. त्यांचे एकमत होईपर्यंत झाडे आपल्या वयाने म्हातारी होतील.

पार्किंग चालू ठेवायला या तिघांनी हरकत घेऊ नये. झाडे ठेवून काढलेला नकाशा सोबत जोडला आहे. खोडापासून तीन मीटरपर्यंत माती उघडी ठेवायची, त्यापुढे मुळांच्या विस्तारात फटी असलेल्या फरशा बसवायच्या, डांबर नाही, काँक्रीट नाही. त्यात अडतीस गाड्या व्यवस्थित उभ्या राहतात आणि एप्रिलमध्येही उभ्या राहतात. चाळीस जागा बांधून तेवीस रिकाम्या ठेवणे याला मी विकास म्हणणार नाही. तो शब्द अण्णाच्या उद्घाटनपत्रिकेत होता.

कलम ७. आई

माझ्या बचतीची रक्कम आई शिवकांता हिच्यासाठी आहे, पण राजेश्वरीमार्फत आणि दरमहा, एकरकमी नाही. कारण वर दिले आहे.

चार नंबरचा बुंधाही आईला देते. झाड पडण्याआधी अण्णाने तिला विचारले होते. तिने मला सांगितले, "विचारलंतं त्यानं. म्या गप बसले." आता रोज सांजच्याला ती त्या बुंध्यावर जाऊन बसते आणि सिमेंटच्या झाडाकडे पाठ करते. यापुढे मालकीने बसावे. या विषयावर आमच्यात आणखी काही बोलणे झालेले नाही आणि मला त्याची गरज वाटत नाही.

कलम ८. माझे शरीर

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. मला चिंचेखाली पुरावे, असे काही जणांच्या मनात येईल. सुचवणाऱ्याला ते फार हृद्य वाटेल. तसे करू नये. बसवायला दीड मीटर खोल खड्डा लागतो आणि कोणत्याही चिंचेपासून दहा मीटरच्या आत तो खणला तर जाड मुळे तुटतात. मला समाजाच्या जागेत अप्पांशेजारी बसवावे. वर चौथरा नको. अण्णाकडे सिमेंट नेहमी उरलेले असते, म्हणून मुद्दाम लिहिते.

माझ्या नावाने वृक्षारोपण करू नये. जून महिना, खड्डा आणि फोटो, हे तिन्ही मी पुरेसे पाहिले आहेत. ज्याला फारच वाटेल त्याने उन्हाळ्यात तीन नंबरखालचा अप्पांचा रांजण भरावा. तो तीन वर्षांपासून उपडा पडलेला आहे.

कलम ९. साक्षीदार

राजेश्वरी सांगते, ज्याला मृत्युपत्राने काही मिळते त्याला साक्षीदार करू नये, उगाच वाद निघतात. हा सल्ला मी काटेकोर पाळते. विरेश याला या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही, त्यामुळे त्याच्याइतका योग्य साक्षीदार मला नळदुर्गात दिसत नाही. साक्षीदाराला मजकुराची हमी द्यावी लागत नाही. हिने माझ्यासमोर, शुद्धीत सही केली, एवढेच त्याच्या सहीने ठरते. पुढे बहिणीचे डोके ठिकाणावर नव्हते असे कोर्टात म्हणायची इच्छा झाली, तर त्याला आधी स्वतःच्या सहीवरून पाय टाकावा लागेल.

त्याला मी फसवणार नाही. हे माझे मृत्युपत्र आहे असे सांगेन, सगळी पाने त्याच्या हातात देईन आणि वाच असे दोनदा म्हणेन. अविवाहित बहीण दुसऱ्या कोणाला काय देणार, अशी त्याची खात्री आहे. ती खात्री मी त्याला दिलेली नाही. त्याने वाचले आणि सही नाकारली, तर मी दुसरा साक्षीदार बघेन, आणि माझ्या भावाने एक कागद पूर्ण वाचला याची नोंद आनंदाने करीन.

मृत्युपत्राची अंमलबजावणी राजेश्वरीने करावी. मी १९ तारखेनंतर चालत घरी आले, तर हे सारे रद्द समजू नये. चिंचांना त्याने फरक पडत नाही.

सहीपूर्वी हाताने घातलेली दुरुस्ती: साक्षीदार बलभीम यांनी सर्व पाने पन्नास मिनिटे घेऊन वाचली आणि एक चूक दाखवली. "ताई, दोन नंबरची सावली तीनला न्हाय, अडीचलाच सरकती शंभुलिंगाकडं. म्या रोज गाडी हलवतो." पडताळून पाहिले. त्यांचे बरोबर आहे. कलम ४ मध्ये "तीन" ऐवजी "अडीच" वाचावे.

ठिकाण: चिंच क्र. ३ खाली, नळदुर्ग
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५, दुपारी ३ वाजून १० मिनिटे

(सही) शिवप्रिया बंडप्पा बिराजदार

साक्षीदार. लागू नसेल ते खोडावे.

१. बलभीम, ट्रकचालक, मु. नळदुर्ग (सही)
मजकूर वाचला / वाचला नाही: "वाचला नाही" खोडले.

२. विरेश बंडप्पा बिराजदार, मालक, चिंचबन पार्किंग (सही)
मजकूर वाचला / वाचला नाही: काहीही खोडलेले नाही.
शेरा, माझ्या हस्ताक्षरात: दोनदा सांगितले. दोन्ही वेळा एकच उत्तर मिळाले. "वाचायचं काय त्यात? कुठं करू सही?"